वेंगुर्ल्याच्या वखारीचं रक्त

"तुम्ही कोणी विश्वास ठेवणार नाही, पण माझ्या रक्तात एक डच माणूस आहे," मनोहरकाकांनी जाहीर केलं आणि तोंडातली खोकल्याची गोळी या गालातून त्या गालात सरकवली.

हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या त्या दिवाणखान्यात चहा पिणाऱ्यांच्या माना वळल्या. काकांना तेच हवं होतं. वेळच तशी आणीबाणीची होती. त्यांचं प्रेशर चढलं म्हणून इथल्या डॉक्टरीणबाईंनी मीठ तोडायला सांगितलं होतं. आणि काकांनी वेंगुर्ल्याहून लुगड्यात गुंडाळून आणलेल्या कैरीच्या लोणच्याची शेवटची बरणी त्यांच्या लेकीने, मृदुलाने, आज चहाला आलेल्या नीरजाला देऊन टाकायचं ठरवलं होतं. बरणी नीरजाच्या पर्सशेजारी, सासरी निघालेल्या मुलीसारखी गप्प बसली होती.

"आमच्या वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, ठाऊक आहे ना? तिथला एक गोरा कारकून माझ्या खापरपणजीच्या पणजीवर भाळला. ती म्हणाली, खारवलेला बांगडा नि लोणचं, एवढ्यावर पावसाळा काढून दाखव. पठ्ठ्याने काढला, वर दोन बोटं उंच झाला! तेव्हापासून आमच्या घराण्याला मीठ बाधत नाही."

"मग बाबा, प्रेशर कशाने वाढलं?" मृदुलाने विचारलं.

"तू मीठ तोडलंस म्हणून! डच रक्त ते, उपाशी ठेवलं की खवळतं. नीरजाला विचार, ती हेच तर शिकते."

नीरजा अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात नेमकं हेच शोधत होती: वेगवेगळ्या मुळांच्या लोकांत रक्तदाबाचा धोका कमीजास्त का.

"जीन्सचा हात असतो, काका, हे खरं," ती म्हणाली.

काकांचा हात लगेच बरणीकडे निघाला.

"पण एकच जीन नव्हे, शेकडो. प्रत्येकीचा धक्का एवढासा. शिवाय खाणं, वजन, काळज्या. त्यातून एखाद्या समाजाचा अंदाज बांधता येतो, तुम्हाला लोणचं वाढता येत नाही."

हात परत आला. "अगं, पण महिनाभर मिठाचा कण जिभेला लागला असेल तर शपथ! रोज कालव्याकाठाने सुपरमार्केटपर्यंत चालतो नि हात हलवत परत येतो."

"आणि ही गोळी?"

"खोकल्याची. ज्येष्ठमधाची. शुद्ध आयुर्वेद!"

"तुम्हाला खोकताना कधी ऐकलं नाही मी," मृदुला म्हणाली.

"गुण आला म्हणून!"

"जीभ दाखवा बघू," नीरजा म्हणाली.

काकांनी तोंड घट्ट मिटलं. पण एवढी मोठी थाप मारल्यावर माणसाला हसू किती वेळ दाबता येणार? ते फुटलं, आणि सगळ्यांना जीभ दिसली. तव्याच्या बुडासारखी काळी.

"ही इथली ड्रॉप आहे, काका, ज्येष्ठमधाची खारट गोळी! त्यातलीही दुप्पट खारट! आणि यातला ज्येष्ठमधच प्रेशर चढवतो!" नीरजाने एका हाताने बरणी उचलली नि दुसरा पुढे केला. "खिशातली पिशवीही काढा. वखारीतला कुठला, हा डच सुपरमार्केटातून शिरलाय तुमच्या रक्तात!"