पंधरा गुणांचा भाऊ

कॅनडाच्या लेखी मी चारशे अठ्ठावन्न गुणांची बाई होते. तिकडे कायमचं राहायला जायच्या अर्जात वयाचे नव्व्याण्णव, एम.एस्सी.चे एकशे पस्तीस, इंग्रजीचे एकशे चोवीस आणि उरलेले शंभर शिक्षण, इंग्रजी, अनुभव यांची सांगड घातल्याबद्दल. दवाखान्यात काम करणाऱ्यांची तिकडे वेगळी निवड होते, आणि तिची रेषा त्या महिन्यांत चारशे सत्तरच्या आसपास लागत होती. म्हणजे मला बाराएक गुण कमी पडत होते. ऑक्टोबरात बत्तीस पूर्ण झाली की आणखी पाच जाणार. वय वाढलं की बाईचा भाव उतरतो हे मला नातेवाइकांनी भरपूर ऐकवलं होतं, पण नेमका आकडा पहिल्यांदाच कळत होता.

अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नऊ वर्षं आहे. नमुने मी घेते, तपासते मी, रिपोर्ट मी लिहिते आणि खाली सही डॉक्टरांची असते. बाबा गेल्यापासून साईनगरच्या घरात आई आणि मी. इंग्रजीची परीक्षा नागपूरला जाऊन तीनदा दिली. पहिल्यांदा मार्क पाहून रडले, दुसऱ्यांदा चिडले. तिसऱ्यांदा चांगले पडले, तर मोबाइल खिशात टाकून एका आजोबांची शुगर काढायला गेले. कॅनडा कशाला, असं कोणी विचारलं की मी पगार, हवा, रस्ते असं काहीबाही सांगायचे. खरं म्हणजे मला फक्त इथून निघायचं होतं, आणि तेसुद्धा आता सवयीनं.

अकोल्याला जठारपेठेत, साड्यांच्या दुकानाच्या वर नीलम मॅडमचं व्हिसाचं ऑफिस आहे. अमरावती सोडून तिथवर जायचं कारण साधं होतं. अमरावतीतल्या दोघा एजंटांनी मला 'गॅरंटी' दिली होती. नीलम मॅडम म्हणाल्या होत्या, "गॅरंटी कायची? मी फॉर्म भरते."

जानेवारीत त्यांनी माझा आकडा पाहिला आणि चष्मा डोक्यावर सरकवला.

"फ्रेंच शिकता?"

"ऑक्टोबरपर्यंत?"

"नाही होनार. लग्न?"

"त्यानं गुण वाढतात?"

"नवऱ्यावर आहे ते. बहुतेकींचे कमीच होतात." त्या हसल्या. "बरं, तिकडं सख्खं कोनी आहे का? भाऊ, बहीन? तिथला कायमचा रहिवासी पाहिजे. पंधरा गुण भेटतात."

"भाऊ आहे," मी म्हटलं.

हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले होते. नितेशदादा माझा भाऊ आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि कोणी कधी बोलत नाही. बाबांचे थोरले भाऊ शालिकराम, म्हणजे माझे मोठेबाबा, शेंदूरजनाघाटला संत्र्याची बाग करायचे. बाबांना शिकवलं त्यांनी, नोकरीला लागेपर्यंत पोसलं त्यांनी. लग्नाला बारा वर्षं झाली तरी त्यांना मूल नव्हतं. माझ्या आईला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा घरात ठरलं. ना वकील, ना कोर्ट. बाळंतपणाला आईला दवाखान्यात मोठ्या आईच्या, म्हणजे मैनाबाईंच्या नावानं भरती केलं. मुलगा झाला, नगरपालिकेच्या दाखल्यावर आई मैनाबाई, बाप शालिकराम. अकराव्या दिवशी आई एकटी अमरावतीला परत आली. पाच वर्षांनी मी झाले. मला हे सगळं दहाव्या वर्षी एका शेजारणीनं सांगितलं, आणि मी घरी येऊन काही विचारलं नाही, कारण आमच्या घरात विचारत नाहीत.

नीलम मॅडमनी 'हो'वर खूण केली. चारशे त्र्याहत्तर. फेब्रुवारीत अर्ज करायचं निमंत्रण आलं. साठ दिवसांत सगळी कागदपत्रं द्यायची होती. आईनं शेजारीपाजारी पेढे वाटले. मी डब्यात उरलेला एक खाल्ला आणि ड्युटीवर गेले.

दोन आठवड्यांनी नीलम मॅडमचा फोन आला. मी दादाचा आणि माझा जन्मदाखला पाठवला होता, ते दोन्ही त्यांनी उघडले होते.

"ताई, तुमच्या भावाची आई वेगळी आहे ह्याच्यात."

"हो."

"बाप बी वेगळा."

"हो."

"मग भाऊ कसा?"

मी सांगितलं. त्यांनी लगेच कामाचं बोलायला सुरुवात केली. दोन्ही बायांची प्रतिज्ञापत्रं लागतील. एकीनं लिहायचं, मी याला जन्म दिला नाही, दाखल्यावर माझं नाव चुकीचं आहे. दुसरीनं लिहायचं, मी दिला. वर भावाची आणि तुमच्या आईची डीएनए तपासणी. हे नसेल तर पंधरा गुण वजा होतील, तुम्ही रेषेखाली याल, अर्ज बाद. खोटं सांगितलं असं ठरलं तर पाच वर्षं दार बंद. मी वहीत दोन्ही वाक्यं लिहून घेतली, जशी डॉक्टरांची सूचना लिहून घेते.

त्याच दिवशी दादाला फोन केला. तो तिकडे बारा वर्षं आहे, ट्रकच्या फेऱ्या लावून देणाऱ्या कंपनीत. सगळं ऐकून घेतलं त्यानं.

"आईनं सही केली तं मी रक्त देतो, थुंकी देतो, जे लागन ते. तिच्या माघारी नाही."

"आई म्हणजे?" मी मूर्खासारखं विचारलं.

"आई म्हंजे आई, गीता," तो म्हणाला.

शनिवारी सुट्टी टाकून मी वरुडवरून शेंदूरजनाघाटला गेले. पिशवीत स्टॅम्पपेपर होता, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, मुडपू नये म्हणून. मृगाच्या बहाराची संत्री उतरवणं चालू होतं आणि मोठी आई अंगणात बसून डागी फळं वेगळी काढत होती. मोठेबाबा चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून बाग ठेक्यानं देते, पण डागी फळं मात्र स्वतःच निवडते. माझ्या मनात होतं, ती रडेल, ओरडेल, हाकलून देईल. बसमध्ये मी त्या सगळ्याची उत्तरं तयार केली होती. कशाला आले ते सांगून मी कागद काढला.

"वाच," तिनं म्हटलं, मग माझ्या हातून कागद घेऊन स्वतःच वाचायला लागली. ती चौथी शिकलेली आहे, अक्षराखाली बोट धरून वाचते. 'नितेश यास मी जन्म दिलेला नाही' या ओळीवर बोट थांबलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

"खरंच तं हाये हे," ती म्हणाली. "पेन दे."

"मोठी आई, घाई नाही. विचार कर हवा तर."

"काय इचार कराव? तुहं वय निंघून राहिलं. तो तिकडं एकटा, तू इथं एकटी. दे पेन."

तिनं सही केली. नाव पूर्ण लिहिलं, शालिकरामसकट. मग उठून हौदावर गेली आणि हात धुतले, शाई लागली नव्हती तरी. मला वरणभात वाढला, आईची चौकशी केली, निघताना पिशवीभर संत्री दिली. गेटापाशी एवढंच विचारलं, "त्याले मालूम हाये ना, मी सही करून राहिली म्हून?"

"त्यानंच सांगितलं, तुझ्याकडून घे म्हणून."

"बरं," ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी फोल्डर चार-पाच वेळा उघडून सही पाहिली. नमुन्याच्या बाटलीवरचं नाव तपासतो तशी. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि मी वाट पाहत होते की आता वाटेल, आता वाटेल. मोर्शी गेलं, अमरावती आली, मी उतरले.

आईची सही म्हणजे हक्काची गोष्ट, असं मी धरून चालले होते. तिच्या कागदाचा मसुदाही नीलम मॅडमकडून आणून ठेवला होता. आई गॅसपाशी उभी होती. मी फोल्डर पुढे केला.

"मोठ्या आईनं दिलं लिहून. आता तुझं तेवढं राहिलं."

आईनं चष्मा लावला. वाचलं. मला वाटलं तिला समजलं नाही, इतका वेळ ती कागद धरून उभी होती.

"बाईनं सही केली?"

"हो."

"लगेच?"

"दोनदा वाचून."

आईनं गॅस बंद केला. "अकरा दिवसाचा पोरगा देल्ला मी तिले," ती म्हणाली. "अंगावरचा. छातीले कापड बांधून बसमधी बसली मी अमरावतीले याले. छत्तीस वर्सं झाले. तोंडातून एकडाव तरी काही निंघालं माह्या? तो घरी आला, जेवला, झोपला, मी कधी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, का तिले वाटन आता मांगून राहिली. अन् तिनं पंधरा मार्कासाठी लिहून देल्लं?"

"माझ्यासाठी दिलं तिनं."

"तेच म्हंतो मी. तुह्यासाठी देल्लं. कागद घेऊन कोन गेलं होतं?"

नऊ वर्षं मी रोज सुई टोचते, दुखणार नाही म्हणते आणि दुखतंच, पण त्याचं कधी काही वाटलं नाही. त्या वेळी मला लाज वाटली, बऱ्याच वर्षांनी काहीतरी नीट वाटलं आणि ती नेमकी लाज निघाली.

"आई, एकेचाळीस दिवस उरले आहेत," मी म्हटलं.

"मी लिहून देनार नाही," आई म्हणाली. "पोरगा तिचा हाये. मी देल्ला. देल्लेलं पोरगं मी कागदावर वापस घेत नसतो."

मी भांडू शकले असते. म्हणू शकले असते की एका मुलाला दिलंस तेव्हा कोणी तुला विचारलं नव्हतं, आता दुसरीला अडवतेस. वाक्य तयारही झालं होतं. पण ती चष्मा काढून पदरानं पुसत होती, आणि मला ते बोलायला लागणारी ताकद सापडली नाही. मी जेवले आणि झोपले.

सकाळी उठले तर आई नव्हती आणि फोल्डरही नव्हता. लॅबमध्ये दिवसभर मी फोन उलटा ठेवला. संध्याकाळी ती आली, चपला काढल्या, पाणी प्यायली.

"कुठे आहे कागद?"

"तिच्या हातात देल्ला. तिनं चुलीत टाकला."

"काही म्हणाली?"

"पहिले म्हने, पोरीचं नुकसान कावून करतं? मंग चहा ठेवला." आई खुर्चीवर बसली. "मंग लय रडली. मले म्हने, सही करतानी वाटलं, मेली मी. मी म्हटलं, कायले मरतं, दाखल्यावर तुहंच नाव हाये, कोन काढते ते." मग ती म्हणाली, "गीता, तुले राग आला अशीन."

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. राग येण्याच्या जागेवर काहीच नव्हतं.

नीलम मॅडमना फोन केला. त्यांनी समजूत घातली नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, "निमंत्रन नाकारायचं बटन असते. मुदतीच्या आत नाकारा, खोटं बोलल्याचं काही येत नाही. अन् ते भावाचं उत्तर बदला. परत रांगेत लागाल."

रविवारी दुपारी बसले. निमंत्रण नाकारलं. खात्री आहे का, असं मशीननं विचारलं, आहे म्हटलं. मग तो प्रश्न उघडला. कॅनडात भाऊ किंवा बहीण आहे का? 'हो'वरची खूण तशीच होती. मी 'नाही' दाबलं. चारशे अठ्ठावन्न. ऑक्टोबरात चारशे त्रेपन्न.

आत आईचा फोन वाजला. दादा दर रविवारी आधी शेंदूरजन्याला फोन करतो आणि मग आमच्याकडे, त्यामुळे तिकडचं सगळं त्याला कळलं असणार. त्याला बोलायला वेळ लागत होता बहुतेक, कारण आई बराच वेळ नुसती 'हो, हो' करत होती. मग तो काहीतरी म्हणाला असावा, काय ते मला कधी कळलं नाही, आणि आई दाराकडे पाठ करून उभी राहिली.

"नाही बाबू, तसं नोको म्हनू," ती म्हणाली. "काकूच म्हन. मी काकूच बोलून राहिली."