कोपऱ्यावरचा गिअर

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या. दोन भांडखोर म्हाताऱ्या जिवांची गोष्ट सांगायची आहे. फक्त एवढं करा, ऐकता ऐकता कुणाची बाजू घ्यायची घाई करू नका.

तर व्हर्नन टलीने बागेतल्या रबरी नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं आणि धार सरळ गाडीच्या उघड्या इंजिनावर सोडली.

गाडी लिओटा हॅचरची. चौतीस सालची फोर्ड. छप्पर कापून खाली बसवलेलं, बॉनेट कधीच काढून टाकलेलं, इंजिनावर दोन कार्बुरेटर आभाळाकडे आ वासून बसलेले. कोपऱ्यावरच्या 'थांबा' लिहिलेल्या पाटीपाशी ती नुकती मंदावली होती. पाणी कार्बुरेटरच्या घशात गेलं, इंजिन खोकलं, एकदा हिसका देऊन हललं आणि गप्प झालं.

"डोकं फिरलंय का रे तुझं, व्हर्नन?"

"गवताला पाणी घालतोय."

"गवत काय माझ्या इंजिनावर उगवलंय?"

"उगवेल की. थांब जरा, बघ."

लिओटा दार उघडून उतरली. सत्तरी गाठलेल्या बाईला त्या ठेंगण्या गाडीतून उतरायचं म्हणजे आधी एक पाय, मग कुरकुरणारा गुडघा, मग बाकीची लिओटा. पण उतरून उभी राहिली की ती व्हर्ननच्या बरोबरीची दिसे.

"दुसऱ्या रस्त्याने जा म्हणून किती वेळा सांगायचं तुला?"

"रेल्वेच्या रुळांवरच्या रस्त्याने? या गाडीचं पोट जमिनीला टेकतं. तिथले खड्डे बघितलेस कधी?"

"मग विकून टाक. चारचौघांसारखी गाडी घे."

"रस्ता तुझ्या बापाने बांधला का?"

"बापाने नाही बांधला. पण घर माझं आहे." व्हर्नन एक पाऊल पुढे आला. "आणखी एक तक्रार, लिओटा. एकच. मग शेरीफची माणसं हे धूड उचलून नेतील. त्या पोलिसाने सांगितलंय ना तुला?"

सांगितलं होतं. बिचारा पोलीस ती काम करायची त्या दुकानात येऊन, टोपी हातात घेऊन, लाजत बोलला होता. आवाजाची आणखी एक तक्रार आली तर गाडी रस्त्यावरून उतरवावी लागेल, मिस लिओटा. माझ्या हातात काही नाही.

तिच्या तोंडावर आलेली शिवी बाहेर पडणार, तोच टलीच्या घराच्या खिडकीचा पडदा हलला. व्हर्ननने चमकून मागे पाहिलं, वाहती नळी तशीच गवतावर टाकली आणि घाईघाईने आत निघून गेला. दार आतून लावल्याचा आवाज आला.

लिओटाने सीटमागचा टॉवेल काढला आणि इंजिन पुसायला घेतलं. तान्ह्या पोराचे कान पुसावेत तसं, कानाकोपऱ्यातून.

गाडी तिच्या थोरल्या भावाची, हार्लनची. आमच्या ऑइलडेल गावात अशा गाड्या अजून पाच-पंचवीस तरी असतील. पण त्यातल्या बऱ्याचशा रविवारी ट्रेलरवर चढून प्रदर्शनाला जातात आणि ट्रेलरवरच परत येतात. हार्लन त्यांना 'पालखीतल्या बायका' म्हणायचा. "गाडी काचेच्या कपाटात ठेवायची चीज नाही," असं त्याचं म्हणणं. "भिजू दे. घासू दे. झिजली तर चालून झिजू दे." त्याने ती रोज चालवली, आणि तो गेल्यापासून लिओटा रोज चालवत होती. जनावरांच्या खाद्याच्या दुकानात ती कामाला होती. कोंबड्यांच्या दाण्याची पोती तिने या गाडीतून पोचवली होती, वाणसामान आणलं होतं, चर्चला जाताना झाकलेलं पातेलं मांडीवर घेऊन चालवली होती. उन्हाळ्यात पायाखालचा पत्रा असा तापे की चपलेचा तळ चिकटायचा. तिचा खिडकीकडचा डावा हात उजव्यापेक्षा दोन छटा काळा होता. गाडी रस्त्याला लागली, तेलाचे पंप दोन्ही बाजूंना माना डोलावत मागे पडू लागले आणि सुकाणू हाताला ओढ देऊ लागलं, की लिओटाला वाटे, देवाने दिलेला दिवस आत्ता कुठे सुरू झाला.

आता त्या गाडीचा पहिला गिअर जुन्या वळणाचा. चालत्या गाडीत तो सरळ पडत नाही. क्लच दाबायचा, सोडायचा, मध्येच ॲक्सिलरेटरला ठोसा द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा. मग तो राजी होतो. या ठोशाचा आवाज प्रत्येकाचा वेगळा असतो. ऑइलडेलची जुनी माणसं घरात बसून सांगत, बाहेरून कोण चाललंय. तोंड बघायची गरज पडत नसे. हार्लनचे दोन ठोसे असत, आधी एक बारका, लगेच एक मोठा. लिओटाला त्यानेच शिकवलेलं, म्हणून तिचेही तसेच.

हार्लन आणि व्हर्नन तरुणपणी जिवलग होते. मग काहीतरी बिनसलं आणि हार्लन मरेपर्यंत ते बोलले नाहीत. हार्लनने कारण कधी सांगितलं नाही. पण त्याला पुरलं त्या दिवशी, माती ओली असताना, व्हर्ननने लिओटाला गाठून पहिला प्रश्न विचारला होता, "गाडी विकणार का?" तेव्हापासून लिओटाच्या लेखी तो गिधाड होता.

रविवारी चर्चमध्ये ब्रदर एसा उभे राहिले. ब्रदर एसांचं प्रवचन ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. सुरुवातीला ते साधं बोलत. मग शब्दांना हळूहळू हेलकावे येत, वाक्याच्या शेवटी श्वासाचा ठेका पडू लागे आणि बघता बघता बोलण्याचं गाणं होई. शब्द कमी पडले की सूर पुढे चाले, आणि बाकांवरची माणसं 'आमेन' म्हणून तो सूर झेलत. त्या दिवशी विषय होता, शत्रूवर प्रीती करा. सगळं चर्च डुलत होतं. लिओटाही 'आमेन' म्हणाली. पण तिची नजर पुढच्या बाकावरच्या व्हर्ननच्या मानेवर होती आणि तिचा उजवा पाय जमिनीवर ॲक्सिलरेटर दाबत होता.

व्हर्नन एकटाच होता. त्याची बायको आयोन कित्येक महिन्यांत चर्चला आली नव्हती.

बाहेर, गाड्या उभ्या असतात तिथे, लिओटाने त्याला गाठलंच.

"बायकोला कुलपात ठेवतोस की काय रे? का तिलाही तुझी लाज वाटते?"

व्हर्ननचा चेहरा पांढरा पडला. "तिचं नाव तुझ्या तोंडातून नको."

"का? नावाचेही पैसे पडतात?"

"तक्रार केलीये मी," तो म्हणाला. "काल संध्याकाळी. उद्या येतील ते. आज काय मिरवायचं ते मिरवून घे."

तो आपल्या मुक्या करड्या गाडीत बसून निघून गेला. प्रवचनाचा सूर अजून लिओटाच्या कानात होता. तिने तो कानातच राहू दिला आणि व्हर्ननच्या मागे गाडी घातली. कोपऱ्यावर थांबायच्या ऐवजी ती सरळ त्याच्या दारात शिरली आणि मुद्दाम, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे, दोन ठोसे दिले. बारका. मोठा.

दार उघडलं. पण व्हर्ननने नाही.

आयोन उभी होती. अंगात पिवळा झगा, उलटसुलट लागलेली बटणं, ओठांच्या बाहेर गेलेली लाली, हातात पर्स. ती लगबगीने पायऱ्या उतरली, गाडीपाशी आली, आत वाकून पाहिलं आणि थबकली.

"तुम्ही कोण?" मग तिने लिओटाचा चेहरा निरखला. "हार्लनच्या आई का तुम्ही?"

लिओटाचा पाय ॲक्सिलरेटरवरून सरकला.

"तो कुठाय? रोज कोपऱ्यावर येतो आणि पुढेच निघून जातो. रागावलाय का माझ्यावर?"

मागून व्हर्नन धावत आला. त्याच्या हातात बायकी रुमाल होता, डोक्याला बांधायचा.

"काका," आयोन त्याला म्हणाली, "मी जरा फिरून येते. बाबांना सांगू नका हं."

व्हर्ननने तिचा दंड हळूच धरला. आयोनने लिओटाकडे आशेने पाहिलं.

"पेट्रोल भरायला थांबलाय तो," लिओटा म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिला बोलून झाल्यावर कळलं. "येईल मागून."

आयोन पायरीवर बसली, झगा गुडघ्यांवर नीट केला आणि रस्त्याकडे बघत राहिली.

व्हर्नन गाडीच्या खिडकीशी आला. आवाज दबका, पण धार तीच.

"झालं समाधान? बघितलंस? एरवी माझं नावही आठवत नाही तिला. पण तुझे ते दोन ठोसे ऐकले की उठते, नटते, खिडकीशी बसते. दुपार होते. तो येत नाही. मग रडते. डोळे कोण पुसतं? मी. आणि मला विचारते, काका, तुम्ही त्याला काही बोललात का?"

"तू सांगायचंस तरी."

"काय सांगू? चर्चच्या दारात उभा राहून, की माझी बायको तुझ्या मेलेल्या भावासाठी लाली लावते?"

लिओटाने गाडी मागे घेतली. "उद्यापासून रुळांवरून जाईन," ती म्हणाली.

"जा," व्हर्नन म्हणाला. धन्यवाद वगैरे काही नाही.

सोमवारी शेरीफचं कुणी आलं नाही, मंगळवारीही नाही. व्हर्ननने तक्रार मागे घेतली असावी. लिओटा रुळांवरून जात राहिली. गाडीचं पोट दगडांना घासलं, धुराच्या नळीचा टाका सुटला, तो तिने तारेने बांधला. कोंबड्यांच्या दाण्याची पोती उचलताना ती कुणाशी बोलत नव्हती. रस्ता तिने सोडला होता. राग सोडलेला नव्हता, पण आता तो कुठे ठेवावा हे तिला कळत नव्हतं.

अशात एके दिवशी दुकानाचं दार धाडकन उघडून व्हर्नन आत आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला.

"कुठे मेली होतीस?"

लिओटाने पोतं खाली ठेवलं. "तूच हाकललंस ना?"

"हाकललं म्हणून इतकं ऐकायचं? जन्मात कधी कुणाचं ऐकलंयस तू?" त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "उठत नाही ती. केस विंचरू देत नाही. भरवलं तर तोंड फिरवते. रडतही नाही. नुसती भिंतीकडे बघते."

लिओटाने हाताला लागलेला दाण्याचा भुसा झटकला.

"उद्या ये," व्हर्नन म्हणाला. "कोपऱ्यावरून. नेहमीसारखी. आणि..." त्याने टोपी पुन्हा हातात घेतली. "तिला फिरवून आण. नदीपर्यंत. हळू चालव. आणि माझ्याकडे दया आल्यासारखं बघू नकोस. तुझी गाडी मला आजही आवडत नाही."

"मलाही तू आवडत नाहीस," लिओटा म्हणाली.

"ठीक आहे मग."

सकाळी कोपऱ्यावर दोन ठोसे पडले. लिओटा दारात पोचेपर्यंत आयोन बाहेर आलेली. या वेळी बटणं सरळ होती. व्हर्नन तिच्या हनुवटीखाली रुमालाची गाठ मारत होता आणि त्याच्या जाड बोटांना ती जमत नव्हती.

"काका, इतकी घट्ट नको."

"वारा लागतो," तो म्हणाला.

नदीचा रस्ता संत्र्यांच्या बागांमधून जातो. आयोनने हात खिडकीबाहेर काढला आणि बोटांमधून वारा जाऊ दिला. तिने एकदाच विचारलं, हार्लन नदीवर आहे ना. लिओटा हो म्हणाली. पण नदी आली तेव्हा आयोनने त्याला शोधलं नाही. पाण्याकडे बघत ती खुशीत बसून राहिली.

परतताना ती लिओटाच्या कानाशी वाकली.

"एक सांगू का? हार्लनबरोबर गाडीतून फिरायला मजा येते. पण संसार करायचा झाला ना, तर त्या काकांसारख्याशी करावा." तिने पर्स उघडली, बंद केली. "रात्री कितीही वेळा हाक मारा, तो माणूस 'आता काय' म्हणत नाही. पण हे त्यांना नका हं सांगू. मला लाज वाटेल."

व्हर्नन फाटकातच उभा होता. त्या दोघी गेल्या तेव्हापासून हलला नसावा. त्याने आयोनला उतरवलं, पायऱ्या चढवल्या, आत नेलं. मग परत येऊन खिडकीला दोन्ही हात टेकून उभा राहिला.

"काही म्हणाली का?"

लिओटाचे ओठ हलले.

"काय?" तो ओरडला. "ऐकू येत नाही! आधी तो कारखाना बंद कर!"

लिओटा त्याच्याकडे बघत राहिली. जगात हे ठाऊक असलेली ती एकटी होती, आणि समोर उभा होता तो तिला मुळीच न आवडणारा माणूस. तिने हात पुढे केला आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं.

मंडळी, तुमच्या गल्लीतून कधी अशी दणाणणारी गाडी गेली, तर गाडीवाल्याला शिव्या द्या, काही हरकत नाही. पण त्या रात्री डोळे मिटून देवापुढे बसाल, तेव्हा फाटकात ताटकळलेल्या व्हर्नन टलीची एकदा आठवण करा.