बाजारकट्ट्याचा मालक

रेश्मा गेल्याचं काष्टीला कळलं ते शनिवारी, बाजाराच्या दिवशी. नगरच्या दवाखान्यातून तिचा नवरा हनुमंत तिला घेऊन पहाटे घरी आला. कुणाला कळवायची शुद्ध त्याला नव्हती. चहाच्या वेळेला तिचा मोबाईल वाजायला लागला.

"ताई, आज भाव न्हाई टाकले?"

"ती गेली," हनुमंत सांगायचा. मग दुसरा फोन यायचा. निम्म्या तालुक्याला ती बातमी अशी भाव विचारता विचारता कळली.

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात भाव रुमालाखाली ठरतो. घेणारा आणि विकणारा हातावर रुमाल टाकतात, आत बोटं दाबतात, आणि आकडा त्या दोघांतच राहतो. बाजाराच्या कोपऱ्यावर रेश्माचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. सौदा करून निघालेल्या माणसाला ती चहा पाजायची आणि विचारायची, "केवढ्याला पडली?" त्यातूनच तिनं स्वतःची वेबसाईट काढली, 'बाजारकट्टा'. वर आजचे भाव, आणि खाली ज्याला जे लिहायचं त्यानं ते लिहावं. कुणी बैलाची तारीफ लिही, कुणी व्यापाऱ्याला शिव्या घाली.

हनुमंतचं शेजारीच पेंडीचं दुकान. तो म्हणायचा, "लोकांच्या भानगडी कशाला अंगावर घेती?"

"मी कुठं घेते? मी नुसती सतरंजी टाकलीय. बसनारे बसत्यात, बोलनारे बोलत्यात."

सुतकात घर माणसांनी भरलेलं असायचं, तरी हनुमंत तिचा मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायचा आणि बाजारकट्टा वाचायचा. तिनं टाकलेल्या शेवटच्या भावांखाली लोकांनी दुःख कळवलं होतं. त्यांच्यातच पारगावच्या छबूबाईचा मजकूर होता. 'रव्यानं मला फशिवलं. गाय दुसऱ्या वेताची म्हनून दिली, आदल्या दिसाची धार न काढता दूध तुंबवून आनली हुती. घरी निम्मं बी देईना. त्या मेल्याच्या दावनीला जाऊ नका.'

मेल्या हा शब्द त्याला खुपला. रेश्माच्या पानावर, तेही सुतकात. दुरुस्ती कुठून करायची हे त्यानं तिच्या पाठीमागं उभं राहून पाहिलं होतं. त्यानं मेल्या काढलं. रव्या म्हणजे कोण ते त्याला ठाऊक होतं; नुसतं रव्या हेही बरं दिसेना, म्हणून बाजारातल्या फ्लेक्सवर असतं तसं नीट लिहिलं, 'शेवगावचे सुप्रसिद्ध व्यापारी श्री. रविराज शेठ'. मग त्याला जरा बरं वाटलं. तिचं अंगण झाडल्यासारखं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी नोटीस आली. पाकिटावर रेश्माचं नाव होतं. पोस्टमननं ते वाचलं आणि मान खाली घातली. रविराज शेठच्या वकिलानं लिहिलं होतं, बदनामी झाली आहे, मजकूर काढा, जाहीर माफी मागा आणि वेबसाईट बंद करा, नाहीतर कोर्टात या.

हनुमंत श्रीगोंद्याला मोनिका वकिलांकडं गेला. मोनिकाचे कॉलेजचे सगळे फॉर्म रेश्मानंच भरले होते.

"बंद करून टाकतो," तो म्हणाला. "तीच न्हाई, तर कुनासाठी?"

"काका, आधी हे सांगा, छबूबाईनं सुप्रसिद्ध कधीपासून लिहायला घेतलं?"

हनुमंतनं सांगितलं. मोनिका हसायला लागली. रडवेलीही झाली.

"काका, लोकांनी लिहिलं तर ते लोकांचं. जागा देणाऱ्याला कायदा सहसा धरत नाही, त्यानं मजकुरात हात घातला नाही तर. कोर्टाचा हुकूम आला की मात्र काढावं लागतं. रव्या म्हणजे कोणता रव्या, हे कुणाला सिद्ध करता आलं असतं? बाजारात ढीगभर रव्या आहेत. नाव, गाव, बिरुद, सगळं तुम्ही घातलंत."

"मी तर मान दिला."

"तोच नडला."

"मग पुसू का सगळं?"

"तुमचं तुम्ही पुसा. छबूबाईचं पुसायचं का, ते छबूबाईला विचारा. आणि तक्रार कुणाकडं करायची, ते नाव साईटवर टाका. जिवंत माणसाचं."

छबूबाई पुसू नको म्हणाली, तेव्हा हनुमंतनं तिचे शब्द होते तसे परत लावले, मेल्यासकट. खाली स्वतःच्या नावानं लिहिलं की यात नाव आणि गाव मी घातलं होतं, ती माझी चूक, त्याबद्दल माफी. शनिवारी तो बाजारात रविराजच्या दावणीला गेला. छबूबाईही आली. ये म्हणून त्यानं सांगितलं नव्हतं.

"या मालक," रविराज म्हणाला. "बायकोची गादी चालवताय म्हनं."

"शेठ, नाव मी घातलं. ते काढलं, माफी बी मागितली. तिचं बोलनं मात्र तिचं हाय. त्याला मी हात लावनार न्हाई."

"आन् साईट?"

"ती चालू ऱ्हानार."

हे आपण म्हणालो, याचं हनुमंतलाच नवल वाटलं. श्रीगोंद्याला जाताना तो बंद करायला निघाला होता.

छबूबाई पुढं आली. "मी लिव्हलं. नातीनं टाईप केलं, पन बोलले मी. तुझा बाप असा न्हवता रं, रव्या. त्यो बाजाराच्या आदल्या सांजंला बोलवायचा, म्हनायचा, धार काढ आन् मग बोल."

दावणीभोवती माणसं गोळा झाली. कुणीतरी मागून ओरडलं, "शेठ, एवढे खरे असाल तर तुमी बी लिव्हा की कट्ट्यावर!"

"लिव्हतो. हनुमंतराव, घ्या लिहून."

"मी न्हाई. तुमीच लिव्हा."

"मला कुठं येतंय?"

"मोबाईलला बोला. त्यो लिव्हतो."

रविराजनं मोबाईल तोंडाजवळ धरला. बैलाशी बोलावं तसा तो मोठ्यानं बोलला. "मी कुनाला फशिवलं न्हाई. ज्याला शंका हाय त्यानं शुक्रवारी सांजंला माझ्या दावनीला यावं. स्वतः धार काढावी, शनिवारी सकाळी परत काढावी, मग सौदा करावा." बोलून झाल्यावर त्यानं इकडंतिकडं पाहिलं. आता ते कट्ट्यावर चढलं होतं, तालुका वाचणार होता, मागं घेता येणार नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या दावणीला बादल्या घेऊन बरीच माणसं आली. छबूबाईही आली होती, दुसऱ्यांच्या धारा बघायला. तिच्या गायीचा निकाल लागला नव्हता, पण रविराजनं तिला खाट टाकली. शेजारच्या दावणीवाल्यानंही हळूच सांगितलं, "आमच्याकडं बी काढा धार."

शनिवारी सकाळी हनुमंतनं पेंडीचं दुकान उशिरा उघडलं. सौदा करून निघालेल्या एका माणसाला त्यानं चहा सांगितला. रेश्मा कसं विचारायची, ते त्यानं आठवलं.

"केवढ्याला पडली?"

माणसानं सांगितलं. हनुमंतनं एका बोटानं भाव टाकले. लगेच खाली कुणीतरी लिहिलं, 'आज उशीर झाला.'

तक्रारीच्या जागी आता हनुमंतचं नाव आणि नंबर आहे. नोटीस रविराजनं अजून मागं घेतलेली नाही. वेबसाईटच्या मालकाच्या जागी रेश्माचं नाव आहे. ते बदलायला तिचा मृत्यूचा दाखला जोडावा लागतो. दाखला घरात आणून ठेवला आहे. जोडायचा राहिला आहे.