केसरच्या ताटातला तांबडा भात

रेशन उठलं आणि श्रीवर्धनला भाताची गिरणी आली, तेव्हाच मी आयला बजावलं होतं की यापुढे मुसळाला हात लावायचा नाही. आम्ही कोळी असलो म्हणून काय झालं, घरात पांढराशुभ्र तांदूळ शिजेल. केसरला दिवस गेले तेव्हा तर आय तो तांदूळ चार पाण्यांनी धुवायची, पेज काढून टाकायची आणि मोकळा भात सुनेपुढे वाढायची. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, ताजी मासळी नाही, सुक्या मासळीच्या वासानं केसरला ओकारी. भात आणि कोकमाचं सार, एवढ्यावरच ती होती.

सहाव्या महिन्यात तिचे पाय बधिर झाले. चुलीतला निखारा पावलावर पडला तरी तिला कळलं नाही. आय ओरडली तेव्हा तिनं खाली पाहिलं. मी फार घाबरलो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुया टोचल्या. वर म्हणाले, गिरणीत कोंड्याबरोबर तांदळातलं सत्त्वच निघून जातं, त्यानंच पाय बधिर झाले. हातसडीचा तांदूळ द्या, नाचणीची भाकरी द्या, डाळ द्या. माझं डोकंच चालेना. कोंडा आम्ही कोंबड्यांना घालतो. ज्या खाण्यातून बायकोला बाहेर काढलं, तेच आता औषध?

तरी तळ्याकडच्या शेतकऱ्याकडून न सडलेलं भात आणलं. आयचा खांदा धरलेला, म्हणून मुसळ मीच उचललं. सगळी आळी हसली. माझ्या हातून सडून व्हायचं ते केसरपुरतंच, त्यामुळे आय आणि मी गिरणीचाच भात खात होतो.

सातव्या महिन्यात केसरची आई चंद्राबाई दिघीहून ओटी भरायला आली, ती नेमकी जेवणाच्या वेळी. आमच्या ताटांत पांढरा भात, तिच्या पोटुशी लेकीच्या ताटात तांबडा भात आणि नाचणीची भाकरी. चंद्राबाई सरळ केसरची लुगडी गोळा करायला लागली.

"जावईबापू, पोर जड झाली व्हय तुमाला?"

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. पण सांगताना माझाच त्यावर पुरता विश्वास नव्हता, तर तिचा काय बसणार? आय नुसती पदरानं डोळे पुसत होती. केसर एकदा आईकडे बघे, एकदा माझ्याकडे. तिला नेलं तर तिकडे पुन्हा पांढरा भात, एवढंच मला दिसत होतं, आणि अडवायला तोंड नव्हतं.

चंद्राबाईनं रागारागानं गाठोडं ओढलं, तसा धक्का लागून फळीवरचा पितळी तांब्या केसरच्या पायावर पडला.

केसर कळवळून खाली बसली. अंगठा धरून आईला म्हणाली, "दुखतंय. आये, लई दुखतंय गो."

आय हसायला लागली. मीही हसलो, आणि रडलोसुद्धा. पोरीला लागलं आणि ही माणसं हसतात काय, म्हणून चंद्राबाई आमच्याकडे बघतच राहिली.

केसरनं तिचा हात धरून आपल्या पावलावर ठेवला आणि म्हणाली, "अजून दाब."