साहेबांच्या क्रेटमागचा बोल्ट

खण्ण! काळेवाडीतल्या शांत दुपारी मिनलने स्टीलचा डबा हलवला आणि मी आत आपटलो.

मित्रांनो, मी एक जुना बोल्ट आहे. खरं तर अर्धाच. डोकं इथे आहे, धड भंगारात गेलं.

चाकणच्या एका लहान कारखान्यात माझा जन्म झाला, तोही मार खातखातच. सळईतून मला कापलं, यंत्राच्या ठोक्यानं डोकं चेपलं, भट्टीत लाल केलं आणि तसंच तेलात बुडवलं. एवढं सोसलं की आमच्यात बळ येतं. पण माझ्या वेळी, रात्रपाळीत, भट्टी नीट तापतच नव्हती. मी वरून चकचकीत झालो, आत कच्चाच राहिलो.

आमच्याकडे एक रीत होती. तपासणीचे साहेब चहाच्या बाकाजवळचेच बोल्ट उचलायचे. म्हणून सुपरवायझर ज्योतीरामभाऊ तिथे निवडक माल मांडायचे. सगळे हसून त्याला ‘साहेबांचा क्रेट’ म्हणत. तो पास झाला, की मागचे आम्हीही पास!

असाच पास झालेला एक बोल्ट शेजारच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या प्रेसला लागला. एक दिवस तो तुटला. वरचा जड दट्ट्या कोसळला आणि तिथे काम करणाऱ्या संघर्षचा उजवा हात चिरडला. बोटं गेली ती गेलीच. संघर्ष म्हणजे मिनलचा मामा, तिच्या आईचा, आम्रपालीताईंचा, धाकटा भाऊ.

ताई आमच्याच कारखान्यात होत्या; मग साहेबांच्या जागी आमची तपासणी त्यांच्याकडे आली. त्यांनी घरून हा डबा आणला. आत क्रेटच्या नंबरांच्या चिठ्ठ्या.

“ताई, गाडी भरलीय. हा घ्या की साहेबांचा क्रेट, एकदम चकाचक!” ज्योतीरामभाऊ म्हणाले.

“नको भाऊ. तिन्ही पाळ्यांच्या वेगळ्या चिठ्ठ्या काढायच्या. नंबर येईल तो क्रेट.”

“लॉटरी लावलीय व्हय?”

“भात न ढवळता वरचं शीत दाबलं, तर खालचा कच्चा कसा कळणार?”

रात्रपाळीच्या चिठ्ठीत माझा क्रेट निघाला. त्यातूनही ताईंनी न बघता हात घालून मला उचललं. यंत्रानं मला दोन्हीकडून धरलं आणि ओढलं. अंगातला कण न् कण किंचाळला. धाड! ठरल्या जोराच्या निम्म्यावरच माझे दोन तुकडे झाले.

ज्योतीरामभाऊंनी मला भिंतीवर फेकलं. “एका बोल्टसाठी गाडी अडवता?”

“एकावर नाही ठरवत, अजून काढते.” ताई म्हणाल्या. “पण हे संघर्षच्या हातासमोर बोलून दाखवा.”

पुढच्या चिठ्ठ्या निघाल्या. रात्रपाळीचे माझे भाऊ एकामागून एक तुटले. दिवसाच्या पाळ्यांचे टिकले. भरलेली गाडी उतरवली गेली, आणि आमचा रात्रपाळीचा सगळा माल पुन्हा वितळायला गेला. ताईंनी मला तेवढं पदराला पुसून घरी आणलं.

मित्रांनो, हाताशी येईल तेवढंच बघून सगळ्यांना चांगलं म्हणू नका. मागे दडलेल्याच्याही नावाची चिठ्ठी टाका. मला मोडल्याचं दुःख नाही. यंत्रात मोडलो, कुणाच्या हातावर नाही.

मिनलनं मला मुठीत धरलं. “आई, हा चिठ्ठीनं निघाला ना?”

“हो गं, राणी.”

“मग मामाच्या प्रेसमधल्या बोल्टची चिठ्ठी कुणी काढली?”

ताईंनी डब्याचं झाकण हातात घेतलं. ते त्यांना लावता येईना.