तिसरा उमेदवार आणि दुसरा शनिवार

न्यूझीलंडला राष्ट्राध्यक्ष नसतो, ही इंद्रनीलची मोठीच गैरसोय होती. त्यामुळे दर चार वर्षांनी तो अमेरिकेच्या निवडणुकीत जीव गुंतवायचा, आणि तोही ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा तिसऱ्याच उमेदवारात. कर नकोत, सक्ती नको, माणसाला मोकळं सोडा, तो आपोआप चांगला वागतो, असं तो उमेदवार सांगायचा आणि शंभरातली दीड-दोन मतं घेऊन घरी जायचा. मग इकडे हॅमिल्टनमध्ये इंद्रनील चार दिवस जेवताना गप्प. त्याचे वडील कृष्णाराव त्याला एक पोळी जास्त वाढायचे. हरलेल्याला पोळी वाढावी, एवढंच राजकारण त्यांना येत होतं. साताऱ्याला वीज मंडळात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. 'सरकार नको' म्हणणारी माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. लाईट गेली की त्यांचाच फोन सगळ्यांत आधी यायचा.

जूनमध्ये एका संध्याकाळी इंद्रनीलने जाहीर केलं की तो मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभा राहतोय.

"तिसरा," श्रुती म्हणाली. ती त्याची बायको. दिवसभर फार्मसीच्या काउंटरमागे उभी राहून घरी आल्यावर तिला लांब वाक्यं परवडत नसत.

उभे दोघं आधीच होते. एक चारुदत्त, अकरा वर्षं अध्यक्ष. दुसरी कांचन, दाताची डॉक्टर, उत्साही. तिचं म्हणणं असं, की हॅमिल्टनचं मंडळ ऑकलंडच्या मंडळात विलीन करावं आणि कार्यक्रम तिकडच्या ओटाहुहु उपनगरातल्या मोठ्या हॉलमध्ये करावेत. तिथे पार्किंग चांगलं होतं. गाडीने सव्वा तास.

चारुदत्तचं भाषण लांब असे आणि गाणं त्याहून लांब. पण त्याने एक काम केलं होतं. रोस्टर. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, घरोघरच्या ज्या आईवडिलांना गाडी चालवता येत नाही त्या सगळ्यांना घरून चर्चच्या हॉलवर आणायचं आणि परत सोडायचं. गाडी असलेल्या प्रत्येक घराचा वर्षातून दोनदा नंबर. नंबर चुकवला तर दिवाळीच्या जेवणानंतर मोठी पातेली घासायची. नंबर कुणी चुकवत नसे, त्यामुळे पातेली दरवर्षी चारुदत्तलाच घासावी लागत.

"रोस्टर ही सक्ती आहे," इंद्रनील म्हणाला. "ज्याला वाटेल तो स्वतःहून गाडी काढेल ना."

"मागच्या वेळी आपला नंबर होता तेव्हा मी सुट्टी घेऊन काढली."

"तेच सांगतोय. तुला सक्तीने जावं लागलं."

"सक्तीने नाही, तुझ्या ऑफिसच्या कॉलमुळे जावं लागलं."

"डॅड, यू आर सो गोइंग टू लूज," सिद्धी म्हणाली. ती बारा वर्षांची होती, मराठी सगळं समजायचं आणि उत्तर इंग्रजीत यायचं.

"हरणार ते मला माहितेय. मुद्दा मांडला जाणं महत्त्वाचं."

"मग कीर्तन कर," श्रुती म्हणाली. "बाबांचे शनिवार कशाला पणाला लावतोस?"

कृष्णाराव आमटीत बघत राहिले. शनिवारचं कुणाच्या लक्षात असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्यांना स्वतःला गाडी चालवता येत होती. साताऱ्यात वीस वर्षं जीप हाकली होती. पण इथे आल्यावर ते परीक्षेत दोनदा नापास झाले. हॅमिल्टनमध्ये पावलोपावली राउंडअबाउट, बिनसिग्नलचे गोल चौक. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. कृष्णाराव त्यालाही जाऊ देत, समोरच्यालाही, आणि अजून दूर दिसणाऱ्या गाडीचीही वाट बघत. परीक्षक बाई फार चांगली होती. तिने फॉर्मवर लिहिलं, उमेदवार अतिशय सभ्य आहेत. पुढे भारतातल्या लायसन्सची मुदतच संपली.

तेव्हा उरला तो दुसरा शनिवार, आणि शनिवारी वसुंधराबाई. नाशिकला भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, हॉस्पिटलात नर्स असलेल्या मुलीकडे राहायच्या, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, विद्यापीठापाशी. हॉलमध्ये भिंतीवरच्या हीटरखाली दोन खुर्च्या होत्या. पहिल्याच हिवाळ्यात त्या एका खुर्चीवर बसल्या आणि दुसरीवर त्यांनी शाल ठेवली. कृष्णाराव आले तेव्हा शाल उचलली. तीन वर्षं तेच. कृष्णारावांचा थर्मास, दोन स्टीलचे पेले. "आलं जास्त झालंय हो तुमच्या चहात," असं दर वेळी म्हणून त्या दोन पेले घ्यायच्या. मग वायकाटो नदी उलटी उत्तरेला का जाते, यावर त्या बोलायच्या, आणि कृष्णारावांनी एखादं मत दिलं तर ते चूक असायचं. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती. आठ वर्षांत त्यांना 'तुमचं चुकतंय' असं तोंडावर म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. इथे सगळे त्यांना 'बाबा, तुम्ही बसा' म्हणत.

फोन नंबर होता. पण फोनवर हीटर नसतो. बसही होती, तासाला एक, मध्ये बदलावी लागणारी. तीन बागा आणि एक दवाखाना ओलांडून कुणाच्या दारात जायचं, तर दार उघडणाऱ्याला काहीतरी कारण सांगावं लागतं. रोस्टरमध्ये ती एक सोय होती. कुणी यायचं नसतं, दोघांना आणलं जायचं.

मतदान जुलैतल्या एका रविवारी, दुपारी दोनला, त्याच हॉलमध्ये. बाहेर धुकं नुकतंच उठलं होतं. वसुंधराबाई शाल आवळून म्हणाल्या, "चारुदत्त पडला तर आपलं संपलं, कृष्णाराव." मग थांबून, "कार्यक्रमाचं म्हणतेय."

"हो, हो. कार्यक्रमाचंच."

मत कुणाला द्यायचं ते कृष्णारावांचं तिथेच ठरलं.

भाषणं झाली. चारुदत्तने अकरा वर्षांचा इतिहास सांगितला, त्यातली पाच वर्षं होईतो वेळ संपली. कांचनने स्लाइड दाखवल्या. पार्किंगची स्लाइड लोकांना आवडली. मग इंद्रनील उठला. म्हणाला की मंडळ हे माणसांनी स्वेच्छेने एकत्र येणं आहे, तिथे सक्ती शिरली की माणुसकी मरते. वर्गणी नको, रोस्टर नको, घटना एका पानाची हवी.

मागून कुणीतरी विचारलं, "आणि पातेली कोण घासणार?"

"ज्याला वाटेल तो."

हॉल हसला. वाईट अर्थाने नाही, आपल्या माणसाला हसावं तसंच. श्रुतीही हसली. इंद्रनील हातातल्या कागदाकडे बघत उभा राहिला आणि त्याचे कान लाल झाले. कृष्णारावांनी ते कान ओळखले. चौथीच्या वक्तृत्व स्पर्धेत 'पाणी हेच जीवन' तिसऱ्या ओळीवर विसरला होता, तेव्हाही आधी कानच लाल झाले होते. तेव्हा त्याची आई पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. आज टाळ्या नव्हत्या. बाबांना स्वतः वाजवायचं सुचलं, तोवर तो खाली बसला होता.

पडद्यामागे चिठ्ठीवर तीन नावं होती. श्रुती देणार नाही. दुसरं कोण देणार? त्याचं एक त्याचं स्वतःचं. हा फळ्यावर एकटा 'एक' बघत बसणार आणि सगळे म्हणणार, स्वतःचंच मिळालं बिचाऱ्याला. चारुदत्त काय, निवडून येतोच अकरा वर्षं. आपल्या एका मताने काय होतंय?

त्यांनी तिसऱ्या नावापुढे फुली मारली, चिठ्ठीची घडी केली, मग घडीची घडी केली.

फळ्यावर आकडे आले. कांचन तेहेतीस. चारुदत्त बत्तीस. इंद्रनील एक.

बरोबरी झाली तर जुनाच अध्यक्ष राहतो, असं कलम घटनेत होतं. चारुदत्तनेच घातलेलं. तो हसून कांचनशी हात मिळवायला गेला.

वसुंधराबाईंनी पेला उपडा करून थर्मासवर ठेवला. "एका मताने," त्या म्हणाल्या. "कोण असेल हो तो एक?"

"स्वतःचंच असेल त्याचं," कृष्णाराव म्हणाले, आणि रिकाम्या पेल्यावर फुंकर घालत राहिले.

परतताना श्रुती आणि सिद्धी भाजी आणायला उतरल्या. गाडीत दोघंच.

"मी माझं मत चारुदत्तला दिलं," इंद्रनील अचानक म्हणाला. "हसू नका, बाबा. रोस्टर गेला तर तुम्ही..." त्याने उजवीकडे बघितलं, राउंडअबाउट घेतला आणि वाक्य तिथेच ठेवलं.

कृष्णाराव हसले नाहीत.

"पण म्हणजे बघा," इंद्रनील म्हणाला, आणि त्याचा आवाज पार बदलला, "एक मत आलं. माझं नाही, श्रुतीचं नाही. कुणीतरी एक माणूस ऐकून, विचार करून, स्वतःहून पटून आला. असंच सुरू होतं, बाबा. पुढच्या वेळी मी परत उभा राहणार."

"असेल कुणी विचारवंत," कृष्णाराव म्हणाले. त्याचा चेहरा इतका खुलला होता, की पुढचं काही बोलणं त्यांना जमेना.

कांचन मनाने वाईट नव्हती. तिने लगेच 'चला ओटाहुहु' असा व्हॉट्सॲप ग्रुप काढला: ज्यांच्या गाडीत जागा असेल त्यांनी ज्येष्ठांना आणावं, सक्ती नाही. पहिल्याच दिवशी बेचाळीस अंगठे आले, सात लाल बदाम आले. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी, श्रुती दुकानात आणि इंद्रनील कॉलवर असताना, कृष्णाराव दीड वाजता बूट घालून खिडकीशी बसले. अडीच वाजता त्यांनी थर्मासमधला चहा बेसिनमध्ये ओतला. आल्याचा वास बराच वेळ राहिला.

सोमवारी त्यांनी श्रुतीकडून फॉर्म भरून घेतला. एकाहत्तराव्या वर्षी त्यांना शिकाऊ लायसन्स मिळालं आणि इंद्रनीलच्या गाडीला मागे-पुढे पिवळे 'एल' लागले. शिकाऊ माणसाने एकट्याने गाडी चालवायची नाही. शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच, हा देशाचा कायदा. श्रुतीला शनिवारी दुकान. वर्षातून दोन शनिवार ज्याला जाचत होते, तो आता दर शनिवारी पट्टा बांधून बापाशेजारी बसू लागला. त्याने सरकारला नावं ठेवली, पण बसला.

"आज सराव कुठे?" सप्टेंबरात एकदा त्याने विचारलं.

"विद्यापीठाकडे."

"बाबा, सात राउंडअबाउट आहेत मध्ये."

"तेवढे हवेतच मला."

कृष्णारावांनी दोन वाक्यं घोकून ठेवली होती. पहिलं, 'सरावाला निघालो होतो, वाटेत घर लागलं.' ते पाठ झालं होतं. दुसरं त्या मताबद्दल होतं. ते दर वेळी तिसऱ्या शब्दावर अडत होतं, आणि ते म्हणायचं तर आधी इंद्रनीलला गाडीतच बसायला सांगावं लागणार होतं.

चौथ्या राउंडअबाउटवर ते थांबले. उजवीकडून एक गाडी गेली. मग एक ट्रेलर गेला. मग रस्ता मोकळा झाला, आणि लांब, डेअरीच्या कोपऱ्यावर, एक लाल गाडी वळताना दिसली.

"जा, बाबा. आता तुमचाच नंबर."

"ती येतेय ना."

"ती खूप लांब आहे. असे तुम्ही कधी पोचणार?"

मागच्याने हॉर्न वाजवला नाही; हॅमिल्टनमध्ये सहसा वाजवत नाहीत. कृष्णारावांनी दोघांच्या मधल्या खाचेतला थर्मास एका हाताने सरळ केला. आलं आज त्यांनी बेतानेच घातलं होतं. मग त्यांनी लाल गाडीकडे एकदा बघितलं, मनातल्या मनात तिची माफी मागितली, आणि पाय ब्रेकवरून काढला.