एकताच्या पेटीचा वास

माझं नाक घरात बदनाम आहे. शेजारी दूध करपलं तरी मी इथून ओरडतो, असं माझी बायको सुमन सांगत फिरते. त्यामुळे धाकट्या एकतानं रेझिनची थ्री-डी प्रिंटर मशीन घरात आणली, तेव्हा माझं डोकंच सणकलं. आमच्याच शहरातल्या सदर बाजारातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना जबड्याचे नमुने करून द्यायचे, हे तिचं काम. दाटसर द्रवातून ती मशीन थरावर थर चढवत अख्खा जबडा उभा करते. बघत बसावं असं काम, पण वास असा की डोकं उठावं.

तरी चालवून घेतलं. मग थोरली राखी बाळंतपणाला नागपूरहून येणार, असं ठरलं. आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरात खोल्या मोजक्या. राखीची खोली आणि मशीनची खोली एकमेकींना लागून, मध्ये फक्त दार. मी सांगून टाकलं, "रविवारी मी राखीच्या खोलीत बसतो. वास आला की मशीन घराबाहेर. चर्चा नाही."

एकता रडली नाही, भांडलीही नाही. तिनं काचेच्या दाराची प्लायवूडची पेटी केली आणि मशीन तिच्यात बसवली. मी म्हटलं, "खिडकीतून पाइप काढ बाहेर, संपलं काम."

"बाबा, खिडकी वसुधाकाकूंच्या अंगणात उघडते. त्या तिथं पापड वाळवतात. आपला वास त्यांच्याकडे काहून ढकलायचा?"

मग मी वास शोषायला सिगडीचा कोळसा सुचवला, तर हसली. पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तसला दाणेदार कार्बन तिनं आणला. तो वास धरून ठेवतो म्हणे. जाळीच्या दोन पदरांत तो भरला, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा लावला आणि गाळलेली हवा तेवढी पाइपानं बाहेर सोडली.

रविवारी संध्याकाळी मशीन सुरू झाली. मी राखीच्या खाटेवर बसून मुद्दाम लांब लांब श्वास घेतले. काहीच नाही! "पास! जिंकली तू, पोट्टे," मी ओरडलो.

एकता दारात उभी होती. तिचा चेहरा काही खुलला नाही.

"बाबा, रुको. आईनं अगरबत्ती लावली आहे."

लावलीच होती. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे संध्याकाळी वंदना करताना सुमन मोगऱ्याची अगरबत्ती लावते. त्या घमघमाटाची मला इतकी सवय, की तो माझ्या लक्षातच आला नाही.

"मग काय झालं? मी पास म्हटलं ना!"

"तुमचं नाक फसून राहिलं, बाबा. दीदीच्या बाळाचे फेफडे नाही फसणार."

तिनं स्वतः जाऊन अगरबत्ती विझवली, खिडक्या उघडल्या, थोड्या वेळानं बंद केल्या. आणि आला की वास! मंद, पण तोच. माझ्या शब्दाप्रमाणं मशीन आता जायला हवी होती. हे पोरीला ठाऊक होतं, तरी तिनं अगरबत्ती विझवली. इतका अभिमान मला तिच्या डिग्रीचाही वाटला नव्हता. पण मी उगाच खेकसलो, "बघत काय बसली? कुठून निघून राहिला वास, ते शोध!"

तिनं तीच अगरबत्ती पुन्हा पेटवली आणि पेटीच्या दाराशी धरली. धूर फटीपासून बाहेर उडाला. पंखा बाहेरची हवा पेटीत कोंबत होता, आणि ती कार्बनमधून जायचं सोडून फटीतून निसटत होती. एकतानं पंखा कार्बनच्या पलीकडे, पेटीतली हवा ओढून घेईल असा बसवला. दाराला जुन्या फ्रिजचं रबर चिकटवलं. पुन्हा धूर धरला, तर उरल्यासुरल्या फटीतून तो आत ओढला गेला. सुमन तोंडावर हात ठेवून बघत होती.

मला वास येईना, तरी एकतानं मला "पास" म्हणू दिलं नाही. म्हणाली, "दीदी बोलेल."

राखीला दिवस गेल्यापासून फोडणीचा वासही सोसत नव्हता. ती आली तेव्हा बंद दाराआड मशीन चालूच होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं; मशीनचा वास मात्र तिला मागच्या फेरीपासून ठाऊक होता. तिनं बॅग ठेवली, खाटेवर बसली, इकडे-तिकडे हुंगलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"एकताची मशीन विकली तुम्ही? माझ्यासाठी? काहून विकू दिली, बाबा?"

एकतानं मधलं दार उघडलं. पेटीच्या काचेमागे एक जबडा हळूहळू वर येत होता.